एक मानणे : तौहीदच्या अर्थाचा आढावा

इस्लामच्या श्रद्धेचा गाभा सांगताना ‘मुसलमान एकच देव मानतात’ एवढे म्हणून पुढे जाण्याची पद्धत मराठी लेखनात रूढ आहे. हे विधान चुकीचे नाही, पण ज्या शब्दाच्या जागी ते वापरले जाते त्या शब्दाचे निम्मे ओझेही ते पेलत नाही. तो शब्द म्हणजे ‘तौहीद’. ‘एक’ या अर्थाचा ‘वाहिद’ हा शब्द ज्या अरबी धातूपासून येतो त्याच धातूपासून तौहीद घडला आहे, परंतु त्याचे व्याकरणातले रूप स्थितिवाचक नसून क्रियावाचक आहे आणि त्याचा शब्दशः अर्थ एक करणे, म्हणजेच एक ठरवणे, एक मानणे असा होतो. ईश्वर मुळातच एक असेल तर त्याला नव्याने एक करण्याचे कारण उरत नाही. ते काम मानणाऱ्याचे असते आणि त्याला ते स्वतःच्या मनात, वाणीत व वागण्यात करावे लागते. कुरआनात ईश्वराच्या एकत्वासाठी ‘वाहिद’ आणि ‘अहद’ हे शब्द येतात, ‘तौहीद’ हे क्रियावाचक नाम मात्र येत नाही. ते पुढे शास्त्रकारांच्या लेखनातून पारिभाषिक झाले. ही केवळ शब्दकोशातली बारीक बाब नाही, कारण गेल्या चौदा शतकांत मुसलमान विचारवंतांमध्ये या विषयावर जे तीव्र वाद झाले त्यांत देव एक की अनेक असा प्रश्न कुणीच विचारला नव्हता; एक मानण्याची ही क्रिया कुठवर न्यायची आणि ती कुठे अर्धवट राहते, हाच त्या साऱ्या वादांचा विषय होता.

या क्रियेचे सर्वांत आटोपशीर रूप कलम्यात सापडते. अल्लाहखेरीज कोणी उपास्य नाही आणि मुहम्मद हे त्याचे प्रेषित आहेत, अशी ही ग्वाही असून तिचा पूर्वार्ध ‘ला’ या नकारार्थी शब्दाने सुरू होतो आणि ‘खेरीज’ या अर्थाच्या ‘इल्ला’ शब्दापाशी वळण घेऊन होकारात संपतो. शास्त्रकारांनी पहिल्या टप्प्याला ‘नफी’, म्हणजे निषेध, आणि दुसऱ्याला ‘इस्बात’, म्हणजे प्रस्थापना, असे म्हटले आहे. येथे निषेध ‘इलाह’चा आहे, आणि इलाह या शब्दाचा रोख निर्मात्यापेक्षा उपास्याकडे अधिक आहे : ज्याच्यापुढे वाकावे, ज्याला हाक मारावी, ज्याच्यावाचून आपले चालत नाही असे वाटावे, तो इलाह. हा फरक ध्यानात घेतला नाही तर मक्केतील पहिला संघर्ष नेमका कशावरून पेटला हे उलगडत नाही.

सातव्या शतकाच्या आरंभी मक्केतील कुरैश टोळीला अल्लाह हे नाव अपरिचित नव्हते. आकाश व पृथ्वी कोणी घडवली असे विचारले तर हे लोक अल्लाहचेच नाव घेतील, असे खुद्द कुरआन त्यांच्याविषयी एकाहून अधिक ठिकाणी सांगते. पण या दूरच्या, सर्वोच्च ईश्वराच्या आणि माणसाच्या मध्ये जवळच्या देवतांची एक फळी उभी होती : ताइफची अल्-लात, नखला खोऱ्यातली अल्-उज्जा, लाल समुद्राच्या वाटेवरची मनात, आणि काबागृहातला हुबल. या देवता आपल्याला अल्लाहच्या जवळ नेतात, असे उपासकांचे म्हणणे होते. म्हणजे त्यांच्या लेखी त्या अल्लाहच्या प्रतिस्पर्धी नव्हत्या, त्या त्याच्या दरबारातल्या शिफारस करणाऱ्या होत्या. हजयात्रेत मोठ्याने म्हटल्या जाणाऱ्या ‘तल्बिया’ या घोषाविषयी हदीस-संग्रहांत, म्हणजे पैगंबरांच्या वचन-वर्तनाच्या नोंदींत, जी माहिती आहे ती या दृष्टीने फार बोलकी आहे. इस्लामपूर्व काळातही यात्रेकरू ‘तुला कोणी भागीदार नाही’ असा घोष करीतच येत, मात्र त्याला एक शेपूट जोडत : असा एक भागीदार सोडून, जो स्वतः तुझ्याच मालकीचा आहे. इस्लामने घोष ठेवला आणि शेपूट छाटले. इ.स. ६३० मध्ये मक्का ताब्यात आल्यावर काबागृहातील मूर्ती हलवण्यात आल्या. परंपरेने त्यांची संख्या ३६० सांगितली जाते. तथापि खरा घाव त्या आधीच, वाक्यातल्या अपवादावर पडलेला होता.

अल्लाहच्या ईश्वरत्वात दुसऱ्या कुणाला वाटेकरी करणे याला ‘शिर्क’ म्हणतात. हा शब्द भागीदारी या अर्थाच्या धातूपासून आला असून व्यापारी पेढीतल्या भागीदारालाही अरबीत त्याच कुळातला ‘शरीक’ हा शब्द आहे, तेव्हा मक्केसारख्या व्यापारी गावातल्या श्रोत्यांना त्याची धार वेगळी समजावून सांगावी लागली नसेल. पश्चात्तापावाचून मरण आल्यास शिर्क सोडून इतर पापांना क्षमा मिळू शकते, असा कुरआनाचा निर्वाळा आहे. या कठोरपणाची दुसरी बाजू एका अगदी लहान अध्यायात आढळते. कुरआनातील ११२वी सूरा ‘अल्-इख्लास’ ही अवघ्या चार आयतींची आहे आणि तिच्यात ईश्वराला ‘अहद’ व ‘समद’ अशी दोन विशेषणे लावून, त्याने कुणाला जन्म दिला नाही, तो कुणापासून जन्मला नाही आणि त्याच्या तोडीचे कोणी नाही, असे सांगितले आहे. ‘वाहिद’ हा मोजणीतला एक होऊ शकतो, ज्याच्यानंतर दोन आणि तीन येतात. ‘अहद’ हा मात्र असा एक आहे की ज्याच्यापासून मोजणी सुरूच होत नाही, असा भेद अनेक भाष्यकारांनी केला. ‘समद’ या शब्दाचे तर भाष्यकारांनी बरेच अर्थ नोंदवले आहेत. गरजेच्या वेळी सर्वजण ज्याच्याकडे वळतात तो, हा त्यांतला एक, आणि ज्याच्या आत पोकळी नाही असा भरीव, हा दुसरा. पोकळी नाही म्हणून त्याला खाणेपिणे नाही, उणीव नाही, बाहेरून काही आत घेण्याची गरज नाही. वाळवंटात पाण्याच्या रिकाम्या पखालीकडे पाहणाऱ्या माणसाला हा भरीवपणा किती जवळून कळत असेल याची कल्पना करता येते.

हे एकत्व लवकरच राज्याच्या टांकसाळीतही पोहोचले. उमय्या खलिफा अब्दुल मलिक यांच्या काळात, हिजरी ७२ म्हणजे इ.स. ६९१-९२ मध्ये, जेरुसलेममध्ये घुमटाची जी वास्तू उभी राहिली तिच्यातील लेखात ईश्वराच्या एकत्वाबरोबरच मरियमपुत्र ईसा हे प्रेषित आहेत, ईश्वराचे पुत्र नव्हेत, असे ख्रिस्ती शेजाऱ्यांना उद्देशून सांगितले आहे. त्यानंतर पाचच वर्षांनी त्याच खलिफाने नाणी बदलली. तोवर चलनात असलेल्या सोन्याच्या दिनारांवर बायझंटाइन वळणाची मानवी आकृती असे, काही नाण्यांवर तर तलवार धरलेला उभा खलिफाच असे. हिजरी ७७ पासूनच्या दिनारावरून आकृती पूर्णपणे गेली. सुमारे सव्वाचार ग्रॅम वजनाच्या त्या पातळ चकतीच्या एका बाजूला मध्यभागी कलम्याचा पूर्वार्ध आणि दुसऱ्या बाजूला ‘अल्-इख्लास’चा मजकूर, कडेने नाणे पाडल्याचे वर्ष, आणि राज्यकर्त्याचे नावसुद्धा नाही. ज्या हातांनी कधी कुरआनाची प्रत धरली नसेल त्या हातांतूनही हे वाक्य बाजारात फिरू लागले. अर्थात, ज्या सत्तेने नाण्यावरून आपले नाव पुसले तिने आपली हुकमत मुळीच पुसली नव्हती. तौहीद आणि सत्ता यांचे हे नाते पुढेही गुंतागुंतीचेच राहिले.

मूर्तींचा प्रश्न असा व्यवहारातून मिटल्यावर एकत्वाचा विचार आत वळला, आणि पहिला मोठा वाद ईश्वराच्या गुणांवरून झाला. कुरआन ईश्वराला जाणणारा, ऐकणारा, पाहणारा, समर्थ अशा अनेक नावांनी संबोधते आणि परंपरेने अशी ९९ सुंदर नावे सांगितली जातात. मग ज्ञान, सामर्थ्य, वाणी हे गुण ईश्वराइतकेच अनादी मानले तर एका अनादी ईश्वराभोवती अनेक अनादी वस्तू उभ्या राहतात काय? बसरा व बगदाद येथे बहरलेल्या मुतझिला पंथाचे उत्तर होते की, राहतात. म्हणून गुण हे ईश्वराच्या सत्तेहून वेगळे मानूच नयेत. ते स्वतःला ‘न्याय आणि तौहीदचे लोक’ म्हणवत. याच तर्काने ते ईश्वराची वाणी असलेल्या कुरआनालाही निर्मित मानत, कारण ते अनिर्मित म्हटले की ईश्वराबरोबर दुसरी अनादी वस्तू आलीच. इ.स. ८३३ मध्ये खलिफा मामून यांनी हे मत काझी व विद्वानांवर सक्तीने लादण्यास सुरुवात केली. ‘मिहना’ या नावाने ओळखली जाणारी ही चौकशी सुमारे पंधरा वर्षे चालली; तिच्यात हदीसचे मोठे विद्वान अहमद इब्न हंबल यांनी तुरुंगवास व फटके सोसले, पण कुरआन निर्मित आहे असे म्हटले नाही. खलिफा मुतवक्किल यांच्या काळात ही सक्ती संपली. एकत्वाचा सर्वांत बुद्धिनिष्ठ अर्थ लावणाऱ्यांच्या बाजूने राज्याचा चाबूक उभा राहिला आणि लोकांची सहानुभूती फटके खाणाऱ्याकडे गेली, ही या प्रकरणातली विसंगती विसरता येत नाही.

या पेचातून जी वाट बहुसंख्य सुन्नी परंपरेने पत्करली ती बसऱ्याचे अबुल हसन अल्-अशअरी (मृत्यू सु. ९३५) आणि समरकंदचे अबू मन्सूर अल्-मातुरीदी (मृत्यू सु. ९४४) यांच्या नावांशी जोडलेली आहे. ईश्वराचे गुण खरे आहेत; ते त्याच्या सत्तेशी एकरूपही नाहीत आणि तिच्याहून निराळेही नाहीत, अशी त्यांची मांडणी होती, आणि कुरआनात जेथे ईश्वराच्या हाताचा वा सिंहासनाचा उल्लेख येतो तेथे ‘बिला कैफ’, म्हणजे ‘कसे ते न विचारता’, मान्य करावे, अशी भूमिका अशअरी परंपरेत रुजली. तर्काच्या चिमटीत हे उत्तर सापडत नाही, हे त्याच्या विरोधकांनी वारंवार दाखवले. पण ज्याची प्रार्थना करायची त्याला ऐकू येते ही सामान्य श्रद्धावंताची गरज त्याने शाबूत ठेवली, आणि कदाचित म्हणूनच ते टिकले. शिया परंपरेत तौहीद हे धर्माच्या पाच मूलतत्त्वांतले पहिले तत्त्व असून तेथे गुणांना ईश्वराच्या सत्तेहून वेगळे न मानण्याकडे कल राहिला. इस्माइली विचारवंतांनी तर ईश्वराविषयी ‘आहे’ आणि ‘नाही’ ही दोन्ही विधाने मागे घेण्यापर्यंत मजल मारली. इब्न सीना (९८०–१०३७) यांनी ‘वाजिबुल वुजूद’, म्हणजे ज्याचे अस्तित्व अपरिहार्य आहे असे तत्त्व, एकच असू शकते हे शुद्ध युक्तिवादाने दाखवले. त्यांचा ईश्वर निर्दोष आहे, पण त्याला हाक मारावीशी वाटणे कठीण आहे.

हाक मारण्याचा प्रश्न ज्यांनी पुन्हा मध्यभागी आणला त्यांत अबू हामिद गझाली (१०५८–११११) यांचे स्थान वेगळे आहे. ‘इह्या उलूमिद्दीन’ या बृहद्ग्रंथात तौहीद आणि ‘तवक्कुल’, म्हणजे ईश्वरावर भार टाकणे, या दोहोंचे एकच प्रकरण त्यांनी लिहिले, आणि तेथे एकत्वाच्या चार पायऱ्या अक्रोडाच्या दृष्टान्ताने समजावल्या. अक्रोडाला वरची हिरवी साल असते, तिच्या आत कठीण कवच, कवचात गर आणि गरात तेल. जो केवळ जिभेने कलमा म्हणतो त्याच्या हाती वरची कडू साल आहे. ती खाता येत नाही, जाळली तर धूर करते, फार तर काही दिवस आतल्या कवचाचे रक्षण करते. ज्याचे मन त्या शब्दांना सच्चेपणाने दुजोरा देते, त्या सामान्य श्रद्धावंताकडे कवच आहे आणि ते गराला कीड लागू देत नाही. जगातल्या घडामोडी अनेक दिसत असतानाही त्या एकाच हातून घडताहेत असे ज्याला प्रत्यक्ष जाणवते, त्याला गर मिळाला. आणि ज्याला एकावाचून दुसरे काही दिसतच नाही, स्वतःचे दिसणेही दिसत नाही, त्याच्या वाट्याला तेल आले. गझाली सालीलाही फेकून देत नाहीत, हे या दृष्टान्ताचे बळ आहे : समाजात मुसलमान म्हणून गणले जाण्यास साल पुरते, फक्त ती पोटात जात नाही.

तेलापर्यंत पोहोचलेल्या सूफींनी मात्र नवा पेच निर्माण केला. बगदादच्या जुनैद (मृत्यू ९१०) यांनी अनादीला सादीपासून, म्हणजे आरंभ असलेल्यापासून, वेगळे करणे अशी तौहीदची सावध व्याख्या केली होती. त्याच शहरात ९२२ मध्ये मन्सूर हल्लाज यांना, ईश्वराशी एकरूपतेची भाषा उघड बोलल्याच्या आरोपांसह, देहान्त शासन झाले. अंदलुसियात जन्मलेल्या इब्न अरबी (११६५–१२४०) यांच्या लेखनातून पुढे जो सिद्धान्त आकाराला आला त्याला ‘वहदतुल वुजूद’, अस्तित्वाचे एकत्व, असे नाव मिळाले. ‘उपास्य एकच’ येथून निघालेले वाक्य ‘अस्तित्वच एक’ येथवर आले. या विचाराचा एक महत्त्वाचा भाष्यकार आजच्या मुंबईतला होता, हे मुंबईकरांनाही सहसा ठाऊक नसते. माहीमच्या ज्या मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) यांच्या दर्ग्यावर डिसेंबरच्या मेळ्यात पोलिसांच्या मानाची चादर चढते, त्यांनी इब्न अरबींच्या ‘फुसूसुल हिकम’ या ग्रंथावर भाष्य लिहिले आणि ‘तब्सीरुर्रहमान’ हे कुरआनाचे अरबी भाष्यही केले. एक वगळता प्रत्येक अध्यायाच्या आरंभी येणारे ‘बिस्मिल्ला’चे वाक्य अक्षरशः तेच असले तरी या भाष्यात त्याचा अर्थ त्या त्या अध्यायाच्या आशयाला धरून निराळा लावलेला आहे, शब्द एक आणि त्याचे आविष्कार अनेक, ही इब्न अरबींची दृष्टी तेथे अशी पद्धत म्हणून उतरलेली दिसते.

मराठी वाचकाला या ठिकाणी अद्वैताची आठवण होणे स्वाभाविक आहे आणि गोंधळही येथेच होतो. दाराशुकोह याने १६५७ मध्ये उपनिषदांचा फारसी अनुवाद सिद्ध केला तो त्यांत तौहीदचा उगम सापडतो या धारणेने. संत एकनाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवाद’ या भारुडात मूर्ती आणि निराकार यांवरून कडाक्याचे भांडण होऊन शेवटी दोघे एकमेकांना आलिंगन देतात. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे मुसलमान संतकवी तर ‘योगसंग्राम’मध्ये अद्वैताच्याच परिभाषेत बोलतात. ही परंपरा मोलाची आहे, परंतु तिच्यावरून तौहीद म्हणजे अद्वैतच, असे समीकरण मांडणे घाईचे ठरते. अद्वैत जीव आणि ब्रह्म यांतला भेद मिटवते. तौहीदचा बहुसंख्यमान्य अर्थ निर्माता आणि निर्मित यांतला भेद कधीही न मिटणारा आहे यावरच उभा आहे. ‘सबका मालिक एक’ हे महाराष्ट्रात घरोघरी दिसणारे वाक्यही सलोख्याचे आहे आणि त्यात कलम्यातला ‘ला’ नाही. सरहिंदचे शेख अहमद (१५६४–१६२४) यांनी नेमक्या या सीमेवर बोट ठेवले : साधकाला एकच दिसते ते त्याच्या पाहण्याचे एकत्व, ‘वहदतुश् शुहूद’, आहे, अस्तित्वाचे नव्हे, सूर्य उगवल्यावर तारे दिसत नाहीत म्हणून तारे नाहीसे झाले असे होत नाही. दिल्लीचे शाह वलीउल्लाह (१७०३–१७६२) यांनी हा बराचसा शब्दांचा भेद आहे असे दाखवून दोन्ही बाजू जवळ आणण्याचा यत्न केला.

याच्या उलट दिशेने, तौहीद पुन्हा बाह्य आचाराकडे खेचणारी परंपरा इब्न तैमिया (१२६३–१३२८) यांच्यापासून ठळक होते. निर्माता व पालनकर्ता एकच मानणे, उपासना फक्त त्याचीच करणे, आणि त्याची नावे व गुण जसे सांगितले तसे मानणे, असे एकत्वाचे तीन पदर करून या परंपरेने दुसऱ्यावर सर्व भर दिला. पहिला पदर तर मक्केच्या मूर्तिपूजकांनाही मान्य होता, असा तिचा युक्तिवाद. अरबस्तानातल्या नज्दमधील मुहम्मद इब्न अब्दुल वह्हाब (१७०३–१७९२) यांच्या ‘किताबुत तौहीद’मध्ये सूक्ष्म तत्त्वचर्चा जवळजवळ नाही, तेथे रोगपीडा टळावी म्हणून हातात कडे वा दोरा बांधणे, ताईत, झाडापासून वा दगडापासून बरकत मागणे, कबरीपाशी नवस अशा गोष्टींवर प्रकरणे आहेत. १७४४ च्या सुमारास सऊद घराण्याशी झालेल्या करारामुळे या मताला तलवारीची साथ मिळाली आणि पुढे कबरींवरचे घुमट पाडले गेले. हिंदुस्थानात शाह इस्माइल (१७७९–१८३१) यांनी साध्या उर्दूत लिहिलेल्या ‘तक्वियतुल ईमान’ने असाच विषय घरोघर नेला, आणि त्या पुस्तकातल्या भाषेने पैगंबरांचा व संतांचा अवमान होतो या आक्षेपातून जे वाद पेटले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत देवबंदी व बरेलवी अशा दोन फळ्यांत स्थिरावले. बरेलीचे अहमद रझा खान (१८५६–१९२१) यांच्या अनुयायांची बाजू अशी की, दर्ग्यावर जाणारा मनुष्य संताची उपासना करीत नाही. तो त्याला ‘वसीला’, ईश्वरापर्यंत पोहोचण्याचे साधन, मानतो आणि देणारा ईश्वरच आहे हे जाणतो. विरोधक विचारतात, मक्केवाले तरी वेगळे काय म्हणत होते? महाराष्ट्रातल्या कोणत्याही मोठ्या उरुसाच्या सुमारास हा संवाद आजही जवळपास याच शब्दांत ऐकू येतो. काबागृहातल्या काळ्या दगडाचे चुंबन मग कसे चालते, असा प्रश्न बाहेरचा मनुष्य हटकून विचारतो. तो दुसरे खलिफा उमर यांनाही पडला होता, आणि हा दगड कुणाचे भले करीत नाही की बुरे करीत नाही, पैगंबरांनी चुंबन घेतले म्हणूनच आपण घेतो, असे दगडालाच उद्देशून त्यांनी म्हटल्याची नोंद आहे.

विसाव्या शतकात ‘ला’चा रोख मूर्ती आणि कबरी यांवरून माणसाच्या सत्तेकडे वळला. इजिप्तचे मुहम्मद अब्दुह यांच्या १८९७ च्या ‘रिसालतुत तौहीद’ने एकत्व आणि बुद्धी यांची सांगड घालून अंधानुकरणाला विरोध केला, मुहम्मद इक्बाल यांनी तौहीदचे व्यवहारातले सार समता, एकजूट आणि स्वातंत्र्य या तीन शब्दांत पाहिले. १९०३ मध्ये औरंगाबादेत, तेव्हाच्या निजामी राज्यात, जन्मलेले अबुल आला मौदूदी यांनी इलाह, रब्ब, इबादत आणि दीन या कुरआनातल्या चार संज्ञांवर पुस्तक लिहून, उपास्य एक म्हणजे हुकूम देणाराही एकच, असा अर्थ पुढे आणला, आणि सय्यद कुत्ब यांनी इजिप्तमध्ये तो अधिक टोकाला नेला. त्यावर अबुल हसन अली नदवी व वहीदुद्दीन खान यांच्यासारख्या धर्मनिष्ठ विद्वानांनीच आक्षेप घेतला की, या मांडणीत भक्तीचे नाते राजकीय आज्ञापालनात आक्रसते. मौलाना आझाद यांनी ‘तर्जुमानुल कुरआन’मध्ये वेगळीच वाट धरली : ईश्वर एक असेल तर सर्व धर्मांच्या मुळाशी असलेला दीनही एकच असला पाहिजे. एकाच आधारवाक्यातून ईश्वरी राज्य आणि बहुधर्मीय सहजीवन हे दोन्ही निष्कर्ष निघाले, आणि दोन्ही काढणारे कुरआनाचे गाढे अभ्यासक होते.

श्रद्धावंताच्या रोजच्या जगण्यात मात्र तौहीद अशा ग्रंथांतून येत नाही. बाळ जन्मले की त्याच्या कानात अजान दिली जाते, मरणाऱ्याच्या उशाशी कलमा उच्चारला जातो, आणि या दोहोंमध्ये दिवसातून पाच वेळा कपाळ जमिनीला टेकते. जे कपाळ तेथे टेकले ते दुसरीकडे टेकू नये, हा या सिजद्याचा अर्थ आहे. तापल्या वाळूत छातीवर दगड ठेवून छळला जाणारा हबशी गुलाम बिलाल ‘अहद, अहद’ एवढेच म्हणत राहिला, ही कथा मुसलमान घरांत सांगितली जाते ती याच कारणाने : मालक त्याचे शरीर विकत घेऊ शकला, पण त्याला आपल्यापुढे वाकवण्याचा हक्क विकत घेऊ शकला नाही. तवक्कुलमुळे हातपाय हलवणे थांबत नाही, फळाचा घोर कमी होतो, असे शास्त्रकार सांगतात. पण या क्रियेची सर्वांत अवघड जागा निराळीच आहे. लोकांनी पाहावे म्हणून नमाज लांबवणे, दान दाखवून देणे याला ‘रिया’ म्हणतात, आणि हदीसमध्ये त्याला लहान शिर्क असे नाव दिले आहे. म्हणजे मूर्ती नाही, कबर नाही, ताईतही नाही, तरी शेजाऱ्याची नजर भागीदार होऊन बसलेली असते. तोच निकष समतेलाही लागू होतो. नमाजाच्या ‘सफ’मध्ये, म्हणजे रांगेत, शेट आणि हमाल खांद्याला खांदा लावून उभे राहतात ते खरे, पण भारतीय मुसलमानांमधली अशराफ-अजलाफ, म्हणजे उच्चकुलीन व हलके मानलेले, अशी उतरंड मशिदीच्या पायऱ्या उतरताच, विशेषतः सोयरीक जुळवताना, पुन्हा उभी राहते, आणि मागास मुसलमानांच्या चळवळींनी तौहीदचा दाखला आपल्याच समाजापुढे ठेवला तो त्यामुळे.

नमाजात बसल्या जागी ग्वाहीचे शब्द म्हणताना उजव्या हाताची तर्जनी उचलली जाते. उर्दूत तिला ‘शहादत की उंगली’ असेच म्हणतात. ती केव्हा उचलावी याबाबत फिक्हच्या, म्हणजे धर्मविधीच्या, परंपरांत फरक आहे. दख्खनमधले बहुसंख्य मुसलमान हनफी परंपरेचे आहेत, आणि तिच्या प्रचलित रीतीप्रमाणे बोट ‘ला’बरोबर वर जाते व ‘इल्ला’पाशी खाली येते. कोकणी मुसलमान प्रामुख्याने शाफई परंपरेचे आहेत. त्यांच्याकडे नकाराचे शब्द संपेपर्यंत बोट खालीच असते, ते ‘इल्ला’पाशी उचलले जाते आणि मग तसेच राहू दिले जाते. मुंबईत एकाच सफमध्ये शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाचे बोट म्हणून वर असते तेव्हा दुसऱ्याचे खाली असते, आणि दोघे तेच वाक्य म्हणत असतात.